डावीकडची सीट

पवनकुमारने मेणाच्या डबीत फडकं बुडवलं आणि बॉनेटवर गोल गोल फिरवायला सुरुवात केली, तसा वरच्या गॅलरीत सुब्बारावांच्या हातातला पेपर आपोआप खाली आला.

"उन्हात लावतोय," ते पुटपुटले. "डाग राहणार."

ऐकायला घरात कोणी नव्हतं. रविवारी सकाळी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई देवळात जायच्या त्या तासाभराने यायच्या.

गाडी गडद निळी, सावलीत काळीच वाटावी इतकी. गेल्या श्रावणापर्यंत ती सुब्बारावांची होती. काचबिंदूमुळे बाजूचं दिसेनासं झालं, दुधवाल्याची सायकल एकदा थोडक्यात वाचली, आणि डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं. बाहेर चांगली गिऱ्हाइकं असूनही त्यांनी ती खालच्या मजल्यावरच्या पवनकुमारला दिली. डोळ्यांसमोर राहील, एवढाच विचार. तिथेच फसले. लग्न करून दिलेली मुलगी निदान सासरी तरी जाते. इथे दुसरा माणूस तिची दारं कशी आपटतो हे रोज गॅलरीतून बघायचं.

थंडीभर पडलेल्या दवाने आणि समोरच्या झाडाच्या चिकाने गाडीची रया गेली होती. संक्रांत झाली की मेण लावायचं, हा सुब्बारावांचा नेम. यंदा शिवरात्र जवळ आली तरी पवनकुमार हलला नव्हता आणि त्याचं त्यांना मनातून बरंच वाटत होतं. राहू दे तशीच. आपल्यासारखं तिचं कोणी करणार नाही, हे कळू दे त्याला. आज मात्र गाडी त्याच्या हाताखाली निर्लज्जासारखी चमकायला लागली होती. सुब्बारावांचा नुसता जळफळाट झाला.

एवढ्यात गाडीच्या पलीकडून कोणीतरी उठून उभं राहिलं. पदर खोचलेल्या सुशीलाबाई. हातातलं फडकं म्हणजे सुब्बारावांचाच जुना मऊ पंचा.

"अक्का, स्वल्प हळू. तिथं जोर नको," पवनकुमार म्हणाला.

"सरी, सरी," असा कानडीत होकार देत त्या हसल्या.

घरात असं हसणं सुब्बारावांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मग त्यांना कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेली स्टीलची वाटी दिसली. वाटीत हिरव्या बांगड्या होत्या. ते चपला न घालताच जिना उतरले.

जवळून पाहिलं तर मनगटं खरोखरच रिकामी. उजव्या हाताला हळदीचा दोरा तेवढा बांधलेला. मागे हात मुरगळून सुजला, तेव्हासुद्धा या बाईने बांगड्यांना हात लावू दिला नव्हता.

"बांगड्या काढल्यास?"

सुशीलाबाईंचं पुसणं थांबलं नाही.

"ओरखडे पडतात. तुम्हीच म्हणायचात ना?"

"माझ्या गाडीसाठी कधी काढल्या नाहीस."

"तुम्ही कधी 'काढ' म्हणालात? 'बाजूला हो' एवढंच म्हणालात."

पवनकुमार मागच्या काचेकडे सरकला आणि तिथे चिकटवलेला लाल 'एल' नखाने खरवडू लागला. सुब्बाराव बघतच राहिले. गॅलरीतून ती काच दिसत नसे.

"अक्कांनी सांगितलं नाही, अण्णा?" तो चाचरत म्हणाला. "लायसन मिळालं त्यांना. पहिल्या खेपेला पास. म्हणून तर आज मेण त्या लावतायत. तसं ठरलंच होतं आमचं."

"आणि देऊळ?"

"कोपऱ्यावर बसते गाडीत. मग देवळावरूनच जातो," सुशीलाबाई म्हणाल्या. "हेब्बाळच्या तळ्यापर्यंत. नमस्कार गाडीतूनच करते."

सुब्बारावांनी पवनकुमारकडे पाहिलं. गाडी याला दिली ती दिली. आता हिला शिकवायचंही यानेच?

"मला विचारायचं होतंस. मी शिकवलं असतं."

"विचारलं होतं. नवी आणली तेव्हा." त्यांनी पंच्याची घडी घातली. "तुम्ही हसला होतात."

ते हसले असतील. त्यांना आठवत नव्हतं, पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

पवनकुमारने किल्ली पुढे केली. "अण्णांना घेऊन एक फेरी मारून या, अक्का. मी इथंच आहे."

सुब्बाराव सवयीने उजव्या दाराकडे गेले. तिथे सुशीलाबाई आधीच उभ्या होत्या. क्षणभर दोघंही थांबली. मग ते बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले. जाता जाता त्या नव्या चकाकीवर बोट फिरवायचा मोह त्यांना आवरला नाही. डाग कुठेच नव्हता. याचाही त्यांना रागच आला.

"परत आल्यावर बांगड्या भरते," म्हणत सुशीलाबाईंनी वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. "नीट धरा. वाढवू नका."

या सीटवर ते आजवर कधी बसले नव्हते. इथून रस्ता वेगळाच दिसत होता, आणि हाताला काहीच काम नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्याच वेळची रबरी मॅट, एका जागी, उजव्या पायाच्या चवड्याखाली झिजून पार भोक पडलेली. बाकी सगळी धड.

"हे काय झालंय?"

सुशीलाबाई आरसा सारखा करत होत्या.

"माझा ब्रेक," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेजारी बसून तोच दाबत होते, इतकी वर्षं."

गाडी फाटकातून सावकाश बाहेर पडली. कोपऱ्यावर वळताना समोरून विमानतळाची बस अंगावर आल्यासारखी आली. सुब्बारावांनी वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि त्यांचा उजवा पाय नेमका त्या भोकावर जाऊन जीव खाऊन दाबला गेला.

बस निघून गेली. सुशीलाबाईंनी गिअर बदलला.

सुब्बारावांनी पाय उचलला नाही.