चौथी अट

ओसरीवर आमोस मास्तर सही करायला वाकले, तसा त्यांच्या बायकोने, दयाने, कागदावर तळहात ठेवला.

"चौथी अट परत वाचा."

बन्सी दस्तलेखकाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. बायकांनी अटी विचारायची शेवगावात अजून रीत नव्हती. तरी त्याने वाचलं, "मागची खोली लिहून देणार गहिनीनाथ यांच्या मातोश्री छबूबाई हयात असेतोवर त्यांच्याकडे राहील. त्यांच्या पश्चात ती घर घेणाराची होईल."

"म्हणजे म्हातारी गेली की खोली आमची."

"सरळ आहे."

दयाला ते मुळीच सरळ वाटेना. ख्रिस्ती म्हणून जागोजागी नकार ऐकल्यावर हे घर मिळत होतं, अंगणासकट, शाळा हाकेच्या अंतरावर. पण उद्या म्हातारीला साधा ताप आला तरी गाव बोट कुणाकडे दाखवणार? तिच्या मरणाने ज्यांचं घर वाढतं, त्यांच्याकडेच. मास्तरांना हे सुचणं शक्य नव्हतं. ते देवमाणूस, शिक्का दिसला की मान डोलवायचे.

"खोली विक्रीतून वगळली तर? मी आजींना विचारून येते," ती म्हणाली आणि उठली.

"विचारा की वहिनी," गहिनीनाथ अदबीने म्हणाला.

मागच्या खोलीत छबूबाई भिंतीला टेकून बसली होती. दया तिच्यापुढे उकिडवी बसली.

"आजी, मला त्या अटीची भीती वाटते. खोली तुमच्याच नावावर राहू दे. मागाहून तुमच्या लेकाला जाईल."

म्हातारीने झटकन तिचं मनगट धरलं. हात थंडगार होता.

"न्हाई बाई, तेवडं करू नगं. ती अट मीच घालाया लावली. त्याबिगर अंगठा देनार न्हाई म्हनलं."

"का पण?"

छबूबाईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दुष्काळानं आडाचं पानी पार तळाला गेलंय. काठ ढासळलाय. तरी ल्योक रोज दिस बुडताना मलाच पान्याला धाडतो. अन् मागं यून उभा ऱ्हातो. बोलत काय न्हाई. नुसता उभा ऱ्हातो."

बाहेर गहिनीनाथ मास्तरांशी पावसाबद्दल काहीतरी गोड बोलत होता.

"खोली तुमची झाली की मी मेल्यानं त्याला काय बी गावनार न्हाई," म्हातारी म्हणाली. "मंग सोडंल मला."

"आणि आमची भीती नाही वाटत?"

"वाटती की. पर पोटच्याइतकी न्हाई."

दया बाहेर आली तेव्हा गहिनीनाथ उभाच होता.

"वगळा खोली, वहिनी. माझी काय ना न्हाई. वर किंमत बी उतरवतो."

एरवी ती खूश झाली असती. आता तिला त्याच्याकडे बघवेना.

"अट राहू द्या," ती बन्सीला म्हणाली. "खरेदीखत कधी?"

"पाडव्याला. आज नुसती इसारपावती."

"तोवर आजी गेल्या तर?"

बन्सीने घसा साफ केला. "तोवर काहीच तुमचं झालेलं नाही. खोली गहिनीनाथांकडेच जाईल."

गहिनीनाथ खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत राहिला. उन्हं उतरायला लागली होती.

"मग ताबा आजपासून लिहा," दया म्हणाली.

मास्तर गडबडले. "आज? अगं, सामान?"

"ते तुम्ही घेऊन या. मी इथेच थांबते."