पन्नासाच्या पाच

जैतुनबीला वाघानं नेलं त्याला चाळीस दिवस झाले, आणि तेवढेच दिवस तिच्या नवऱ्यानं, कासमभाऊनं, नमाज पढली नव्हती.

गावात मुसलमानांची घरं चारच. कासमभाऊ बांगड्या भरायचा. चार पिढ्या तिथंच गेल्या, त्यामुळे घरातही गावचीच बोली. त्याआधी उभ्या जन्मात त्याची नमाजीची एक वेळ चुकली नव्हती. बाजाराच्या दिवशी वेळ झाली की भर गर्दीत पेटी शेजारच्याच्या हवाली करून तो आंब्याखाली चटई टाकी, आणि मनगटावर निम्म्याच बांगड्या चढलेली बाई मुकाट थांबून राही. आता मोबाईलवर अजान वाजली की तो उठून बकऱ्यांच्या कोठ्यामागे जाऊन बसे. म्हातारा दुःखानं खचला, असं लोक म्हणत. त्याची मुलगी शमीमही तेच समजत होती. खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि शमीमला ते कळू नये म्हणून तो चाळीस दिवस तिच्याशी फोनवरही नीट बोलला नव्हता.

चाळिसाव्याला शमीम वरोऱ्याहून आली. मूल गावाहून मौलाना आले. जैतुनबीच्या नावानं फातिहा झाली, जेवणं झाली, आणि अंगणातल्या ताडपत्रीवर माणसं असरच्या, दुपार कलतानाच्या नमाजीची वाट पाहत बसली. शेजारचा मुखरू सकाळपासून पाण्याचे गुंड भरत होता, तोही टेकला. गप्प बसणं त्याला जमत नसे.

"मौलानाजी, आमचं बरं हाये," तो म्हणाला. "सणासुदीले हात जोडले का झालं. तुमच्यात दिवसाच्या पाच काऊन?"

मौलानांनी मग सगळं सांगितलं. पैगंबरांना एका रात्री सात आसमानांच्या वर बोलावणं आलं. तिथं त्यांच्या उम्मतीवर, म्हणजे त्यांना मानणाऱ्यांवर, दिवसाच्या पन्नास नमाजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाल्या. परतताना हजरत मूसा भेटले. ते म्हणाले, तुमच्या लोकांना हे झेपणार नाही, मी माझी माणसं पाहिली आहेत. परत जा, कमी करून मागा. पैगंबर परत गेले. काही कमी झाल्या. मूसा म्हणाले, अजून जा. अशा कितीतरी खेपा झाल्या आणि शेवटी पाच उरल्या. मूसा तरीही म्हणाले, जा. पण पैगंबर म्हणाले, आता मागायची मला शरम वाटते. तेव्हापासून पाच. आणि पाच पढेल त्याला सवाब, म्हणजे पुण्य, पन्नासाचं.

"एक खेप अजून झाली असती तं?" कासमभाऊ बोलला. दिवसभरात त्याचं हे पहिलंच बोलणं.

मौलाना त्याच्याकडे वळले.

"पहाटेची, फजरची गेली असती मंग," तो म्हणाला.

मौलानांना वाटलं, म्हाताऱ्याला धीर द्यावा. ते जवळ सरकले आणि सांगू लागले की अल्लाहची रहम पाचावर थांबली नाही. आजाऱ्यानं बसून पढावी, मुसाफिरानं नमाजीच्या चार रकातींच्या, म्हणजे आवर्तनांच्या, दोन कराव्यात. वजूला, म्हणजे नमाजीआधी तोंड-हातपाय धुवायला, पाणी नसेल, किंवा पाण्याच्या वाटेवर जनावराचं भय असेल, तर स्वच्छ मातीवर तळवे मारून तोंडावर अन् हातांवर फिरवले तरी चालतं.

"ठाऊक हाये मले," कासमभाऊ म्हणाला. "तिलेबी ठाऊक होतं."

दाराशी बसलेली शमीम उठून उभी राहिली.

मग त्याला थांबता आलं नाही, सगळ्यांसमोर त्यानं सांगून टाकलं. त्या आठवड्यात बोडीच्या, गावच्या तळ्याच्या पाळीवर वाघाचे पंजे उमटले होते. नळ तीन दिवस कोरडा होता. पहाटे जैतुनबी म्हणाली, आज मातीनं करून घ्या, उजाडलं की पाणी आणते. त्यावर तो हसला होता. पाणी दोनशे पावलांवर असताना माती फासायला मी काय आळशी आहे, म्हणाला. गावातले चारी घरचे लोक त्याच्या वजूचं कौतुक करत, त्याचा त्याला तोरा होता. गुडघा धरला म्हणून स्वतः मात्र उठला नाही. ती गुंड घेऊन गेली. तो बाह्या सरसावून पाटावर बसून राहिला, आणि उशीर होतो म्हणून तिच्यावर चिडला.

मुखरू उठून रिकामे गुंड गोळा करू लागला.

असरची वेळ झाली. शमीमनं पाण्याचा गडवा आणून बापासमोर ठेवला.

"उठा अब्बा. पढा."

"मले नाई जमत, बेटा."

"मले तुमच्याशी बोलणं नाई जमणार आता. पण तुम्ही पढा. तुमच्या नमाजीपायीच गेली नं थे? नमाजबी सोडली तं मंग माय कायले गेली?"

त्यानं वजू केली. रांगेत शेवटी उभा राहिला. सवयीनं जीभ चालली, गुडघे कसेबसे वाकले. कपाळ टेकलं तेव्हा त्याला माफी मागायची होती, पण मागायची शरम वाटली. बाजूचे उठले, म्हणून तोही उठला.

नमाजीच्या शेवटी सलाम फेरून त्यानं दाराकडे पाहिलं. शमीमची पिशवी तिथं नव्हती. शमीम मुखरूच्या गाडीवर बसून फाट्याकडे निघाली होती. त्यानं हाक मारली नाही. मगरिबला, सूर्य मावळल्यावरच्या नमाजीला, अजून बराच वेळ होता.