पाहुण्याची वाटी

"आधी त्यांचं होऊ दे," म्हणत मधुसूदनरावांनी ग्लासात बोट बुडवलं आणि टेबलावर उजव्या अंगाला पाच थेंब ठेवले. मग तळहातावर पाणी घेऊन थेंबांभोवती फिरवलं.

पद्मजाबाई बघत उभ्या राहिल्या. उकळून गार केलेलं दोनशे मिलिलिटर पाणी, डब्यातल्या मापाने सहा सपाट चमचे पावडर, गुठळी औषधालाही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मापं भरलेला हात होता तो. आणि पाणी म्हणाल तर शहराच्या कडेच्या या सातारा परिसरात इमारती वाढल्या, नळ काही आले नाहीत. त्यातून दुष्काळाचं साल, टँकर चौथ्या दिवशी. ते पाणी असं टेबलावर फिरवायचं!

मुंज झाल्यापासून मधुसूदनराव चित्राहुती घातल्याशिवाय जेवले नव्हते. ताटाशेजारी भाताचे पाच कण: चित्राला, चित्रगुप्ताला, यमाला, यमधर्माला आणि समस्त भूतमात्रांना. आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, वीतभर आतडं गेलं, भात बंद झाला, दिवसातून चार वेळा ही पावडर सुरू झाली. आहुती मात्र सुटली नाही. पद्मजाबाईंच्या अगदी जिवावर यायचं. ज्याच्या धास्तीनं आपली झोप उडालीय, त्यालाच चार वेळा आवतण कशाला?

सोमवारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ चारुतानं मधुसूदनरावांना काट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चव्वेचाळीस सहाशे. काकू, पुन्हा चारशे ग्रॅम कमी. पावडर घेतात ना नीट?"

"अगं, चारही ग्लास मी करते. रिकामा ग्लास मीच विसळते."

"मग जातंय कुठं? शेहेचाळीस भरल्याशिवाय डॉक्टर केमो लावणार नाहीत. आणि त्याला आता तीनच आठवडे उरलेत. नंतर उपयोग नाही."

मधुसूदनराव दोघींकडे बघून ओशाळं हसले. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर काढली, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. डबा उघडला की शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना 'या जेवायला' म्हणायचं, नको म्हणणाऱ्याच्याही हातावर अर्धी पोळी ठेवायची, मगच स्वतःचा घास. लोक गालातल्या गालात हसायचे. यांना पत्ताही नसायचा.

घरकामाला साळूबाई यायची. पाचोडकडची विहीर आटली तशी लेकामागं शहरात आलेली. दुसऱ्या दिवशी टेबल पुसता पुसता ती थबकली.

"बाई, ह्ये पावडरीचं गोड हाय ना?"

"हो. का गं?"

"काल वट्यावर सांडलं तर मुंग्यांची ही रांग. अन् इथं काका रोज थेंब ठिवतेत, एक मुंगी येईना. डागबी ऱ्हाईना. लई दिस झालं बघू लागले मी."

"ऊन केवढं आहे. वाळून जात असेल."

टेबलाचा तो कोपरा तेवढा सोडून साळूबाईनं बाकीचं पुसलं. पद्मजाबाईंना मात्र आपलंच उत्तर पटेना. पाणी उडून जातं, साखर उडून जात नाही, हे त्यांनी किती पोरांना दाखवलं होतं.

चारचा ग्लास देऊन त्यांनी आत गेल्यासारखं केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. मधुसूदनरावांनी काचेची वाटी घेतली, अर्धा ग्लास तीत ओतला, वाटी उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवली आणि हात मांडीवर ठेवून थांबले. पंखा बंद होता. वाटीतली पांढरी पातळी हळूहळू खाली आली. थांबली. परत खाली आली. कुणीतरी दमानं प्यावं तशी. शेवटी तळ दिसला.

"कोण आहे तिथं?" पद्मजाबाई बाहेर आल्या.

"बघितलंस होय?" मधुसूदनरावांना उलट सुटल्यासारखं झालं. "ऑपरेशनपासून आहे. आधी खाटेच्या पायथ्याशी बसायचा, आता शेजारी. मागत काही नाही गं. नुसता बघतो."

"आणि तुम्ही त्याला अर्धं देता? अहो, तो कशासाठी बसलाय, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतं. पण शेजारी कुणी उपाशी असलं की माझ्या घशाखाली उतरत नाही, पद्मा. आजवर कधी उतरलं नाही."

त्या रडल्या, चिडल्या, स्वतःची शपथ घातली. मला तुम्ही हवे आहात, एवढंच परत परत म्हणाल्या. सातच्या ग्लासाला मधुसूदनरावांनी खरोखर प्रयत्न केला. तीनदा ओठाला लावला, तीनदा उजवीकडे बघितलं आणि खाली ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. हा माणूस मरेल, पण पाहुण्याला डावलून पिणार नाही, हे पद्मजाबाईंनी ओळखलं. राग कुणावर काढायचा तेच कळेना.

सकाळी त्यांनी ग्लास नवऱ्यापुढे ठेवला, पदर खांद्यावरून घेतला आणि त्या खुर्चीकडे वळल्या.

"यांचं पथ्याचं आहे. तुम्हाला पुरायचं नाही. तुम्ही आजपासून माझ्याकडे जेवा."

आणि खुर्ची ओढत टेबलाच्या आपल्या बाजूला नेली. रिकामी खुर्ची, पण कुणी बसलेलं असावं तशी जड. दोन्ही हात लावावे लागले. मधुसूदनरावांनी उजवीकडे बघितलं, फार दिवसांनी खांदे सैल सोडले आणि अख्खा ग्लास संपवला.

तिसऱ्या सोमवारी काटा शेहेचाळीस दोनशेवर थांबला. चारुतानं परत बघितलं आणि टाळीच दिली. "काका, केमोची तारीख घेऊन टाका." पद्मजाबाईंना इतका आनंद झाला की डोळे पुसायलाही सुचेना.

"काकू, तुम्ही मात्र वाळलात," चारुता म्हणाली.

"ऊन आहे ना," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला ग्लास करून दिला. तो पिऊन ते आतल्या खोलीत आडवे झाले, लगेच घोरायलाही लागले. मग पद्मजाबाईंनी दोन ताटं मांडली. दुसऱ्या ताटात भाकरी वाढली, भाजी वाढली, वाटीत वरण घातलं. पदर सावरायला हात उचलला तशा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. त्या त्यांनी परत मनगटावर आणल्या.

"सावकाश होऊ द्या," त्या शेजारच्या खुर्चीला म्हणाल्या, आणि मग स्वतःचा घास उचलला.