अर्धी खाच

सांगलीच्या या वाचनालयात दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराला टेकवून ठेवलं आहे. त्यामुळे तुम्ही पोरं मला साधं दांडकं समजता. परवा एकाने तर माझ्यावर ओली छत्री वाळत घातली. मित्रांनो, मी दांडकं नाही. मी एक जुना अडसर आहे. घराचं दार आतून लावल्यावर ते कुणी ढकलू नये म्हणून भिंतीच्या दोन खोबणींत जो आडवा बसवतात, तोच मी.

जन्माने मी बाभूळ. कृष्णाकाठी, इस्लामपूरपासून दोन कोसांवर उभा होतो. गावाचं नाव सांगणार नाही. ते लपवायची सवय बेचाळीसच्या धामधुमीत लागली ती लागलीच. कृष्णेला माझी सावली फार आवडायची. उन्हाळ्यात ती माझ्याकडे दोन हात सरकून यायची आणि संध्याकाळी चोरपावलांनी परत जायची. खोटं वाटतं? कृष्णेलाच विचारा. माझ्या ढोलीत एक घुबड राहत असे. त्याला पुढची शंभर वर्षं दिसत, पण विचारलं की ते झोपेचं सोंग घ्यायचं.

मग नाथाजीने मला तोडलं. नाथाजी म्हणजे आमच्या गावचा उसाचा बागायतदार, खांद्याने रुंद, शब्दाचा पक्का. त्याने मला आठ दिवस तासलं, तेल पाजलं आणि आपल्या दाराला बसवलं. माझी कीर्ती काय सांगू! एकदा बारा पोलीस मला बाहेरून ढकलत होते. दार हललं नाही, उलट त्यांच्या साहेबाच्या टोपीतून वाफ निघाली. बारा जरा जास्त झाले असतील, तर आठ धरा. वाफ मात्र खरी.

अडसराला दिवसा काम नसतं. मी कोपऱ्यात उभा राहून झोपायचो आणि स्वप्नात मला पालवी फुटायची.

ते पत्रीसरकारचे दिवस होते. साताऱ्याकडच्या गावांनी इंग्रजांच्या कचेरीची वाट सोडली होती. तंटाबखेडा गावातच मिटायचा, गावचेच पंच न्याय करायचे. आमच्या गावचे पंच तात्याबाच्या गुऱ्हाळावर बसत. चुलवणाचा धूर, काहिलीतल्या रसाची वाफ, चिपाडांचे ढीग. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गूळ चाललाय. गूळही चाललेलाच असायचा. तात्याबा सगळ्यांत म्हातारा पंच, आणि हातातला झारा कधी खाली न ठेवणारा गुळव्या. दुसरा पंच केरबा, जिभेचा तिखट. तिसरा आमचा नाथाजी.

नाथाजीने तिथे एक शिस्त घातली. "ज्येच्या हातात काठी, त्येनं बोलायचं. बाकीच्यांनी त्वांड मिटायचं. मी असू दे न्हाईतर कोन बी." आणि काठी म्हणून तो रोज सकाळी मलाच उचलून न्यायचा. घरी रात्री दार राखायचं, गुऱ्हाळावर दिवसा न्याय. माझी झोप उडाली, पण मान वाढला.

पंचांचे नियम कागदावर लिहीत नसत. कागद सापडला की पोलीस गावच उचलायचे. म्हणून नियम माझ्या अंगावर कोरत. एक नियम, एक खाच. खाच सगळ्या अंगाभोवती फिरली, तर नियम सगळ्यांना. अर्धीच कोरली, तर कुणाला तरी त्यातून सूट. चोरीची खाच पूर्ण आहे. उभ्या पिकात जनावर सोडण्याची अर्धी, कारण बिरोबाच्या मेंढरांना सूट होती. बोट फिरवून बघा, अजून लागतात.

एकदा शेजारच्या वाडीतल्या एका माणसाला पंचांपुढे आणलं. ऊसतोडीला आलेल्या एका बाईवर त्याने जबरदस्ती केली होती. तो म्हणू लागला, तिने आरडाओरडा केला नाही. नाथाजीने मला जमिनीवर असं आपटलं की काहिलीतला रस उसळला.

"बाई न्हाई म्हनली, तितं इषय मिटला! आरडली का न्हाई, ते तू कोन ईचारनार?"

त्या माणसाला गावबंदी झाली. नियम कोरायला नाथाजीने कोयता घेतला. पुढच्या बाजूने खाच कोरली आणि थांबला.

केरबा म्हणाला, "आरं, अर्धीच का रं?"

"लग्नाच्या नवऱ्याला कोन ईचारतंय गड्या?" नाथाजी हसला. सगळेच हसले. मित्रांनो, खरं सांगतो, मीही त्या दिवशी फुशारलो होतो. नवी खाच मिरवत घरी गेलो.

चिपाडांच्या ढिगामागे गावच्या बाया उभ्या राहून न्याय ऐकत. त्यांच्यात नाथाजीची बायको अंजना होती.

संध्याकाळी नाथाजीने दार लावलं, मला खोबणीत बसवलं. अंजना भिंतीला टेकून म्हणाली, "आज न्हाई."

"पुन्यांदा तेच?"

"आवं, त्या बाईचं न्हाई म्हननं तुमाला ऐकू आलं. माजं किती म्हैनं झालं, का ऐकू यीना?"

"ती परकी बाई. तू लग्नाची."

पुढचं मी सांगणार नाही. सांगायचं एवढंच की चोर नेहमी दाराबाहेर असतो, अशी माझी आयुष्यभराची समजूत होती. त्या रात्री माझं लाकूड लाकडाला घासून कुरकुरलं. दार मी घट्ट धरून ठेवलं होतं आणि जिला राखायचं, ती आत होती. त्या रात्रीपासून मला स्वप्नात पालवी फुटेना.

सकाळी नाथाजी तिच्याकडे न बघता तरातरा निघून गेला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला घरी विसरला.

अंजना बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने मला उचललं. बाहेर धुकं होतं. उसाचे तुरे धुक्यात पोहत होते, वाट पायांखाली होती की नव्हती कळत नव्हतं. मला वाटलं, आम्ही दोघं कृष्णेवरून तरंगत चाललो आहोत. तिचे हात थंड होते, पण मूठ सैल नव्हती.

गुऱ्हाळावर पंच बसले होते. नाथाजी म्हणाला, "आनलीस का? दे हिकडं."

अंजनाने मला दिलं नाही. माझं एक टोक जमिनीवर टेकवलं आणि म्हणाली, "काठी माज्या हातात हाय."

चरकाचे बैलसुद्धा थांबले. बैलांची शपथ.

"वैनी," केरबा हसत म्हणाला, "नवरा-बायकूचं चुलीम्होरं मिटवायचं असतंय. हितं कशाला?"

"चुलीम्होरं बी त्येच दार आतनं लावल्यालं हाय, भावजी. आन् काठी तुमच्या हातात न्हाई."

केरबाने तोंड मिटलं. ही गोष्ट गावात पुढे वर्षभर सांगत होते.

अंजना म्हणाली, "काल तुमी न्याव दिलासा. बाई न्हाई म्हनली, इषय मिटला. मी बी बाईच हाय. मी बी न्हाई म्हनते. माजा इषय का मिटत न्हाई? त्येला गावबंदी, आन् हितं पंचाची गादी?"

नाथाजीचं तोंड लाल झालं. काठी हातात नसताना तो बोलला. स्वतःची शिस्त त्यानेच मोडली. "सात पावलं चाललीस न्हवं माज्यासंगं?"

"चालले. माज्या पायांनी चालले. कुनी फरफटत न्हेलं न्हवतं. तसंच ऱ्हाऊ द्या की."

चिपाडांच्या ढिगामागून एक म्हातारी पुढे आली. ती बनुबाई, नाथाजीची आई. आता ही सुनेला ओढत नेणार, असं सगळ्यांना वाटलं. तिने हात पुढे केला. अंजना क्षणभर बिचकली, मग तिने मला तिच्या हातात दिलं.

म्हातारीने मला दोन्ही मुठींत धरलं. "माज्या येळंला ही काठी न्हवती," ती म्हणाली. "असती तर मी बी बोलले असते." एवढंच. आणि मी परत अंजनाच्या हातात आलो.

नाथाजी आईकडे बघत राहिला. वाफेत त्याचा चेहरा आधी विरघळला, मग हळूहळू परत जमून आला, पण तसाच नाही आला. शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, "खाच अर्धीच हाय. नियमात ते न्हाई बसत."

तात्याबा मळी काढत होता. त्याने झारा झटकला, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा खाली ठेवला.

"खाच कुनी कोरली, नाथा?"

"मी."

"सूट कुनाला ठिवली?"

नाथाजीची नजर माझ्यावरच्या अर्ध्या खाचेवर गेली.

"मंग आता तूच पुरी कर. लग्न म्हंजी सूट न्हवं रं लेकरा. काठी हातात घ्यायला बी जिला इतकं चालत यावं लागतं, तिचं 'न्हाई' तर दुप्पट ऐकाय पायजे."

तात्याबाने कोयता नाथाजीच्या हातात दिला. अंजनाने मला सोडलं नाही. तिने धरलं आणि त्याने कोरलं. कोयता दोनदा घसरला. तिथे अजून दोन चरे आहेत. मित्रांनो, मला फार दुखलं. इतकं छान मला कधी दुखलं नव्हतं.

नाथाजीला पंचाच्या जागेवरून उठवलं. अंजना बोलावील तोवर गुऱ्हाळाच्या खोपीत राहायचं, असं ठरलं. आणि अडसर, म्हणजे मी, फक्त तिच्या हाताने लागायचा, तिच्या हाताने निघायचा.

नाथाजी रोज सकाळी अंगणाच्या कडेला येऊन विचारायचा, "यीऊ का?" उसाला तुरे होते, ते गेले, ऊस तुटला, खोडवा वीतभर वर आला. एका सकाळी अंजनाने मला उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, "वट्यावर बसा. च्या टाकते." त्या दिवशी ओट्यावरच. आत कधी गेला, ते मला माहीत नाही; मी कोपऱ्यात झोपलो होतो. पण इतकं माहीत आहे की त्यानंतरही माझ्यावर एकाच माणसाचा हात फिरला. आणि मला पुन्हा पालवी फुटू लागली.

मग इंग्रज गेला. गुऱ्हाळावरचा न्याय बंद झाला, खरी कोर्टं आली. बनुबाई वारली तेव्हा अंजना मला घेऊन एसटीने सांगलीला आली आणि या वाचनालयात देऊन गेली. म्हणाली, "हिच्यावर नियम हाईत. पुस्तकांत ठिवा." इथल्या ग्रंथपाल बाईंना काही उमगलं नाही, त्यांनी मला दाराला लावलं.

इथे चिंतामण नावाचे तरुण वकील दुपारी येतात आणि कायद्याचं जाडं पुस्तक मोठ्याने वाचतात. मी अर्धवट झोपेत ऐकतो. परवा त्यांनी बाईवरच्या जबरदस्तीचं कलम वाचलं. चांगलं होतं, कडक होतं. पण कलमाच्या तळाशी सूट होती: आपल्याच बायकोवर केली, तर तो गुन्हा नव्हे. मी खाडकन जागा झालो आणि धाडकन खाली पडलो. चिंतामणराव म्हणाले, वारा आला.

वारा नव्हता, मित्रांनो. मी हाक मारली होती.

मी म्हातारा आहे, थापाड्या आहे. कृष्णा सरकली नसेल, बैल थांबले नसतील. पण ही एक गोष्ट हात लावून तपासा. खालून चौथी खाच. बोट फिरवा, पुढून सुरुवात करा, मागे जा. जिथे कोयता घसरला तिथे दोन चरे लागतील. थांबू नका. बोट जिथून निघालं होतं, तिथेच परत येतं.

दिल्लीत सध्या देशाची नवी पोथी, राज्यघटना, लिहितायत म्हणे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी वकील होईल, कुणी कायदे लिहायला बसेल. तेव्हा चिंतामणरावांच्या त्या जाड्या पुस्तकावरूनही असंच बोट फिरवा. ते मधेच अडेल. तिथे खाच अर्धीच आहे.

तेवढी पुरी करा. कोयता लागला, तर अंजनाकडे आहे.