महाराजांच्या कानात कोण बोलत होतं?

गोवंडीतल्या त्या गल्लीत सकाळी नऊलाच दोनेकशे माणसं बसली होती. कुंडलिक महाराज समोर येणाऱ्याचं नाव आणि दुखणं न विचारता सांगत. हिरव्या साडीतली शकु पुढे आली, तसे ते डोळे मिटून म्हणाले, "शकु, तुझ्या रोशनीच्या छातीत कीड आहे. त्या गोळ्या तिला आतून जाळतायत. बंद कर. माझं पाणी पाज."

शकु त्यांच्या पायांवर कोसळली. एकोणीस वर्षांच्या रोशनीच्या टीबीच्या गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या. दोन महिने झाले होते, चार उरले होते.

मी सरकारी रेडिओवर कंत्राटावर काम करते. टीबीवर कार्यक्रम करत होते, आणि आमचे अधिकारी सुयोग सर यांच्या मते महाराजांचीही बाजू यायला हवी होती. म्हणून मीच त्यांच्या उपरण्याला, कानाच्या अगदी खाली, माइक लावला होता. प्रसिद्धीच्या हौसेपायी त्यांनीही लावू दिला.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकलं, तर महाराज बोलण्याआधी दर वेळी एका बाईची बारीक कुजबुज. "हिरवी साडी, शकु. मुलगी रोशनी, टीबी, गोळ्या चालू." आवाज ओळखीचा होता. चपला सांभाळणारी बाई टोकन देताना नाव विचारायची, मग मायेने दुखणंही काढून घ्यायची. फोनवरून ते सगळं महाराजांच्या जटांखाली दडवलेल्या इयरफोनमध्ये पोचत होतं.

सरांनी दोनदा ऐकलं. ध्वनिमुद्रण खोटं आहे, असं तेही म्हणाले नाहीत. म्हणाले, "लोकांच्या भावना दुखावतील, नलिनी. आपण विकासाचे कार्यक्रम करतो. वरून परवानगी येऊ दे."

मी शकुला फोन करून गोळ्या चालू करायला सांगितलं. ती म्हणाली, रेडिओवाले स्वतः माइक घेऊन महाराजांकडे आले होते, मग ते खोटे कसे? कुजबुजीचं तिला सांगावं, तर नोकरीची भीती. मी गप्प बसले.

पाच आठवड्यांनी रोशनीच्या खोकल्यातून रक्त आलं. परवानगी आली नव्हतीच. मी ध्वनिमुद्रण घेऊन गल्लीत गेले आणि मंडळाच्या स्पीकरवर लावलं. चपलांपाशी बसलेली बाई मुकाट उठून निघून गेली. महाराजांनी डोळे उघडलेच नाहीत. शकुने ते परत लावायला सांगितलं. मग मला विचारलं, "ताई, हे तुमच्याकडे कधीपासून होतं?"

"पाच आठवडे."



रोशनीला आता पहिल्या गोळ्या लागू पडत नाहीत. नवे उपचार जड आहेत. महाराज जोगेश्वरीला बसतात, तिथेही गर्दी असते. माझा कार्यक्रम अजून लागलेला नाही.

म्हणून इथे लिहिते. न विचारता तुमचं नाव सांगणारा कुणी भेटला, तर ते रांगेत तुम्ही कुणाला सांगितलंत, हे आधी आठवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. आणि खोटं कळलं, तर त्याच दिवशी बोला. मी थांबले होते.