दिवसा आडवी पडलेली बाई

योगाला घरात कोणी नको म्हणालं नाही, हे आधीच सांगते. नाहीतर लोक म्हणतील, दैवशाला उगाच घरच्यांच्या नावानं बोटं मोडते. कमरेनं मला वर्षभर रडवलं होतं. वाकले की उठता येईना, बसले की हलता येईना. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज योगा करायला सांगितलं, तेव्हा नवऱ्यानं स्वतः बदनापूरच्या बाजारातून चटई आणून दिली. सासूबाईंचीही हरकत नव्हती. सुनेची कंबर गेली तर घर कोण ओढणार, एवढं त्यांना बराबर कळतं.

शाळेमागच्या हॉलमध्ये शालू मॅडम दुपारी बायकांचा वर्ग घ्यायच्या. शेजारची महजबीन आणि मी, दोघी जायचो. तिची कंबर शिलाई मशीननं घालवलेली, माझी धुण्याभांड्यांनी. सुरुवातीला नुसता तमाशा होता. साडीत पाय उचलता येईना म्हणून मी मुलीचा जुना पंजाबी ड्रेस अंगात कोंबला. पायाचा अंगठा धरायला गेले की गुडघा आपोआप वर यायचा. पण रोज गेल्यावर जमायला लागलं.

सगळ्यात शेवटी शवासन असायचं. पाठीवर पडायचं, हातपाय सैल सोडायचे, डोळे मिटायचे, बस. बाकी एखादं आसन राहिलं तरी चालेल, पण हे सोडू नका, असं मॅडम बजावायच्या. आणि हॉलभर बायकांना नेमकं तेच जमत नव्हतं. कोणी खुदुखुदु हसायची, कोणी ओढणी सारखी करायची, कोणी एक डोळा किलकिला करून शेजारणीकडे बघायची. महजबीन माझ्या कानाशी पुटपुटली, "भाभी, बगैर काम के लेटना अपने कू आताच नै."

मला एका दुपारी ते आलं. कंबर जमिनीला टेकली आणि आतली कळ हळूहळू उतरत गेली. बाळंतपणं सोडली तर लग्नानंतर मी दिवसाउजेडी अशी कधी पडलेच नव्हते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कानापर्यंत गेलं, तरी मी हात उचलला नाही. मला तेवढंच हवं होतं. रोज थोडा वेळ तसं पडायचं, आणि कोणी हाक मारायची नाही.

वर्ग संपल्यावर मी सकाळी घरीच, बैठकीत चटई टाकून करायला लागले. हातपाय हलत होते तोवर सगळं ठीक होतं. वाकते आहे, वळते आहे, म्हणजे बाई काहीतरी करते आहे. पण मी आडवी झाले रे झाले, की घराला आग लागल्यासारखं व्हायचं. नळाला पाणी यायचं. भाजीवाला दारात यायचा. अंगदचा मोजा सापडायचा नाही. नवऱ्याचं नाव घेतेय, पण रागात चालतं. तो रेल्वेनं जालन्याला जातो, बियाण्याच्या कंपनीत. त्याच्या पायात मोजा नसला तर बहुतेक बियाणं उगवत नसावं.

मग एक दिवस सासूबाई स्पष्टच बोलल्या. बाकी काय करायचं ते कर, पण असं भुईवर ताठ पडणं बंद कर. आपल्यात मढ्याला भुईवर घेतात, सवाष्ण बाईनं तसं पडणं घराला बरं नाही. अंगद तिथेच चहा पीत होता. तेवढं एक सोड ना, बाकीचं करतेसच की, असं म्हणून त्यानं कप माझ्याकडे दिला. मी सोडलं. महिना उलटला नाही तोच कंबर पुन्हा धरली.

पुढे अंगदचा बीपी वाढला आणि त्याच डॉक्टरांनी त्यालाही योगा सांगितला. मी हौसेनं शिकवायला गेले. वाकायचं म्हटलं की त्याचं पोट आडवं यायचं, हात वर केले की खांदा दुखायचा. सगळं करून बघितल्यावर त्याला एकच आसन पसंत पडलं, शवासन. माझ्याच चटईवर, बैठकीच्या मधोमध, हातपाय फेकून तो रोज पडायला लागला.

मला वाटलं, आता मढ्याची गोष्ट निघेल. कशाची निघतेय. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. मला मिक्सर लावू नको म्हणून हातानं खुणावलं. भाजीवाल्याला फाटकातूनच पिटाळलं, लेक योगा करतोय म्हणून. वर त्याच्या उशाशी बसून पदरानं माश्या हाकलायला लागल्या. मढ्याजवळ बसतात अगदी तशाच, पण हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. भुईसुद्धा बाई कोण आणि पुरुष कोण ते बघून अपशकुनी होते काय?

आणि परवा हा उठून बसला, डोळे चोळले आणि मला म्हणतो, "लई हलकं वाटून राह्यलं. तू बी करत जा."

रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यात घण घालत होतं. काल सकाळी तो चटईवर पडला, सासूबाई शेजारी बसल्या. मी गॅसवर चहाचं दूध ठेवलं, बैठकीत आले आणि त्याच्या बाजूला उघड्या फरशीवर पाठ टेकली. सरळ, ताठ, डोळे मिटून.

सासूबाई कुजबुजल्या, कारण लेकाचा योगा चालू होता. दूध वर येतंय, ऊठ, म्हणाल्या. मी हलले नाही. मग त्यांनी अंगदला सांगितलं, हिला उठव. अंगदनं डोळेही न उघडता, पडल्या पडल्या हुकूम सोडला, "अगं, दूध बघ ना."

दूध उतू गेलं. शेगडीवर चरचरलं, करपट वास बैठकीपर्यंत आला. आता मात्र सासूबाईंचा आवाज चढला.

"ऊठ म्हणते ना. मेल्यावर पडायचंच हाय."

"मेल्यावर पडलेलं मला कळणार न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "मला जितेपणी पडायचं हाय."

थोड्या वेळानं अंगद उठला. लाज वाटून नव्हे, चहाचं दूध होतं म्हणून. त्याची पावलं धपधपत स्वयंपाकघरात गेली, गॅसचं बटण फिरलं, फडकं कुठे ठेवलंय म्हणून त्यानं विचारलं. मी डोळे मिटलेलेच ठेवले. शवासनात मन शांत ठेवायचं असतं. माझं नव्हतं. जबडा आवळलेला होता, कानशिलं तापली होती. पण कंबर जमिनीला टेकली होती आणि मी उठले नाही.