पान आठशे एक

माझ्या धाकट्या बहिणीची अकरा वर्षं मोठ्यासाहेबांनी एका घासात गिळली, आणि वर ढेकरही दिला नाही.

धाकटी गणित विभागात आकडेमोड करायची. दहा कोटींच्या पुढच्या दोन लाख संख्या तिने हाताने फिरवायच्या यंत्रावर एकेक करून तपासल्या. प्रत्येकीपुढे नोंद: मूळ आहे की नाही, नसेल तर कशाकशाने भाग जातो. बोटांना घट्टे पडले. पुस्तक निघालं तेव्हा वर नाव विभागप्रमुखांचं, म्हणजे मोठ्यासाहेबांचं. धाकटीचं नाव औषधालाही नाही. ती भांडली नाही. राजीनामा दिला आणि पेन्सिलींचा डबा माळ्यावर टाकून दिला. माझं मात्र डोकं फिरलं. मी शाळेत गणित शिकवते; कॉपी पकडण्यात माझा हात कोण धरणार?

"जाऊ दे गं ताई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "छापायच्या आधी चाळीस नोंदी दुरुस्त करायच्या होत्या."

चोर ओळखू यावा म्हणून तक्ते करणारे कच्च्या प्रतीत काही नोंदी मुद्दाम चुकीच्या ठेवतात, छापताना दुरुस्त करतात. साहेबांनी कच्ची प्रतच उचलली होती. चाळीसांची यादी धाकटीच्या वहीत होती. मी तिला आनंदाने गदागदा हलवलं.

साहेबांच्या व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. "यातली एकेक संख्या मी स्वतः तपासली आहे," ते म्हणाले. मी उठलेच.

"पान आठशे एक. दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट. कशी आहे?"

त्यांनी पान उघडलं. "मूळ. हिच्यावर तर माझा अख्खा आठवडा गेला."

मी सरळ फळ्यापाशी गेले. "दहा हजार आठचा वर्ग दहा कोटी एक लाख साठ हजार चौसष्ट. ही त्याहून एकाने कमी. वर्गातून एक काढला की उरतो दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गुणाकार: दहा हजार सात गुणिले दहा हजार नऊ. माझी आठवीतली मुलं हे तोंडी सांगतात. तुमचा आठवडा कशात गेला हो?"

सभागृहात हशा पिकला. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग मी वही उंच धरली आणि सगळं सांगून टाकलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पंधरवड्यात वाचनालयांनी पुस्तकं परत पाठवली, आणि साहेब आमच्या दारात उभे राहिले. धाकटीला म्हणाले, "उरलेल्या एकोणचाळीस तेवढ्या सांग. नव्या आवृत्तीत तुझे आभार मानतो."

मी तोंड उघडणार, तोच धाकटी पुढे झाली.

"साहेब, तपासल्यात ना तुम्ही स्वतः? पुन्हा तपासा. रोज पन्नास केल्या, एकही सुट्टी घेतली नाही, तर अकरा वर्षांत होतात."

तिने दार लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, माळ्यावरचा माझा डबा काढून दे."